एकशे सदतिसावा पक्षी

दिनांक ४ ऑक्टोबर १९३१, रविवार. स्थळ : कोंडाण्याच्या लेण्यांवरचे रान. हजर, पाच : (१) मी, माधव, कर्जतच्या शाळेचा हेडमास्तर आणि सहलीचा प्रमुख, (२) वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, (३) दत्तूकाका, वय सत्तर, तपकिरीची डबी कमरेला, (४) नरहरभट, आमचे उपाध्याय, साक्षीदार म्हणून, (५) बुधा ठाकर, वाटाड्या. गैरहजर, एक : थोरला भाऊ अण्णा. कारण : मयत.

सहल त्याचीच होती.

अण्णा कर्जतच्या पोस्टात कारकून होता. दिवसभर दुसऱ्यांची पत्रे वेगळी करायची आणि सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन पाखरे बघायची, एवढेच त्याने आयुष्यात केले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पक्षी तो एका लांबट वहीत लिहून ठेवी. नुसता आवाज ऐकलेला लिहायचा नाही, दुसऱ्याने पाहिलेला तर नाहीच नाही. अशा एकशे छत्तीस ओळी भरल्या होत्या. एकशे सदतिसाव्या ओळीत त्याने आकडा टाकला, पुढे ‘कर्णा’ असे नाव लिहिले आणि तारखेची जागा मोकळी सोडली. (पाहण्याआधी नाव लिहिल्याचे वहीत हे एकच उदाहरण आहे. घाई माणसाला नडते, असे मी त्यावर शाळेत बोलणार होतो. पण पुढे जे झाले त्यामुळे तो विषय मी टाळतो.)

त्या कर्ण्यासाठी तो आदल्या वर्षी भाद्रपदात कोंडाण्याच्या वरच्या रानात तीन दिवस बसला. पक्षी दिसला नाही. हिवताप घेऊन खाली आला आणि पंधरा दिवसांत गेला. निघाला त्या सकाळी वहिनी त्याला म्हणाल्या होत्या, “परत आलात की त्या पाखरांनाच म्हणावं जेवायला वाढा.” नवराबायकोत असे रोज बोलले जाते. पण नंतरचे पंधरा दिवस त्याच्या पोटात अन्न ठरले नाही, आणि वहिनी ते वाक्य विसरल्या नाहीत.

दहाव्या दिवशी उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या उंबरावर बसून राहिले. एक तास गेला. अण्णाची काय इच्छा राहिली असेल, याचा जो तो अंदाज करू लागला.

“अण्णा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही,” मी म्हणालो. कावळा ढिम्म.

“अरे, तुझी दुर्बीण माझ्याकडे आहे, ती परत देतो,” दत्तूकाका म्हणाले. (ही दुर्बीण हरवली म्हणून आम्ही सहा महिने घर पालथे घालत होतो.) एक कावळा उडाला, तो लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

“मास्तर, आठवा काहीतरी,” नरहरभट म्हणाले. “मला अजून एक ठिकाण करायचंय.”

मला साडेदहाला शाळा उघडायची होती. मी घड्याळ पाहिले आणि हात जोडून मोठ्याने म्हणालो, “अण्णा, तुझी यादी मी पुरी करतो. राहिलेला पक्षी माझ्या डोळ्यांनी बघून तुझ्या वहीत लिहितो.”

वाक्य पुरे व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. शाळा वेळेवर उघडली.

पुढचे अकरा महिने ह्या ना त्या कारणाने गेले : आधी परीक्षा, मग तपासनीस, मग पाऊस. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले तेव्हा वहिनींनी अण्णाची वही माझ्या पाटाशी आणून ठेवली. “भावोजी, दहाव्याला शब्द तुम्ही दिलात. वर्षाच्या आत तो पुरा करा. नाहीतर श्राद्धाचं पान मी वाढणार नाही.”

“पितृपक्षात कुठे बाहेर पडायचं?” मी म्हणालो.

“पितरांच्याच कामाला चाललोय आपण. आणि मीही येणार आहे. कशापायी गेले, ते मला बघायचंय.”

मी सामानाची यादी केली. एकतीस जिनसा निघाल्या. दोर, कंदील, हिवतापावरचे कोयनेल, सुंठ, फडकी, भाकऱ्या, दशम्या, वही, फूटपट्टी, पेन्सिल एक. मीठ तेवढे राहिले. (लोणच्यात मीठ असते, ह्या विचाराने ते मी खोडले होते.)

शनिवारी बैलगाडीने कोंडाणे गाठले, मारुतीच्या देवळात मुक्काम केला आणि रविवारी उजाडताच बुधाच्या मागून चढायला लागलो. लेण्यांच्या वर गेल्यावर ढगच खाली उतरला होता. झाडे दिसत नव्हती, नुसती गळत होती. पाच पावलांवर पुढचा माणूस पुसला जाई. मी दर दहा मिनिटांनी हजेरी घेत होतो.

“नरहरभट?”

“आहे.”

“दत्तूकाका?”

“अजून आहे रे बाबा. सारखं विचारू नकोस, भीती वाटते.”

बुधा थांबला. “मास्तर, तुमी असं वरडत ऱ्हायला तर पाखरू पुन्याला जाईल.”

तेव्हा मी सगळ्यांना एका जागी उभे करून लेखी सूचना वाचून दाखवल्या. सूचना एक, रांग सोडू नये. दोन, तपकीर प्रमुखाच्या स्वाधीन करावी. तीन, खोकला आल्यास उपरण्यात खोकावे. चार, पक्षी दिसल्यास बोलू नये, बोट दाखवू नये, शेजाऱ्यास हात लावू नये. प्रत्येकाने आपापले पाहावे. सूचना सहाव्या बाकापर्यंत ऐकू जाव्यात अशा आवाजात वाचायची मला सवय आहे. वाचून झाल्या तेव्हा रानात एकही पाखरू बोलत नव्हते.

“आता बराच येळ कोन येनार नाय,” बुधा म्हणाला आणि पुढे चालू लागला.

बुधाच्या माहितीच्या जागेवर पोचलो आणि नरहरभट मट्कन खाली बसले. ते सोवळ्याचा मुकटा नेसून आले होते, आणि मुकट्याच्या काठापासून घोट्यापर्यंत त्यांना सात जळवा लागल्या होत्या. मी मोजल्या.

“मास्तर, मीठ. लवकर.”

मी लोणचे पुढे केले.

नरहरभटांनी माझ्याकडे जसे पाहिले, तसे आजवर कुठल्याही यजमानाकडे पाहिले नसेल. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “तपकीर टाका, सुटतील.” जप्त केलेली डबी काढून काकांच्या हाती द्यावी लागली. तपकिरीने जळवा पटापट गळाल्या, हे खरे. पण ती डबी त्यांच्या हातून परत घ्यायला मला जरा उशीर झाला. चार तास उपाशी राहिलेल्या माणसाने जेवढी ओढावी तेवढी त्यांनी एका दमात ओढली. मग अकरा शिंका आल्या. समोरच्या कड्याने त्या सगळ्या परत पाठवल्या.

शिंका संपल्यावर बुधा बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता. “पोस्टवाले अण्णा ह्याच धोंड्यावर बसलेले. तीन रोज. जळवा लागल्या तरी हात हलवायचे नाय. मी म्हनलो, खाली चला, तुमाला हीव भरलंय. तर म्हनले, थांब रं बुधा, आत्ता येल.”

धोंडा शेवाळलेला होता, दोन माणसे बसतील एवढा. वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि त्या धोंड्यावर जाऊन बसल्या. एका कडेला. दुसऱ्या कडेची जागा त्यांनी मोकळी ठेवली.

त्यानंतर आमच्यापैकी कोणालाही सूचनांची गरज उरली नाही. काकांनी डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. नरहरभटांच्या पायांतून बारीक रक्त येत होते, ते त्यांनी पुसले नाही. ढग येत होते, जात होते. अण्णा इथे एकटा कसा बसला असेल, हा विचार मला प्रथमच आला, आणि असा विचार आला की मी करतो तेच केले : अण्णाची वही उघडली. एकशे सदतिसाव्या ओळीपुढे फूटपट्टीने पाच रकाने आखले. क्रमांक, वेळ, ठिकाण, हवामान, पाहणारांची नावे. अण्णाच्या वहीला एवढी शिस्त नव्हती. हवामानाच्या रकान्यात ‘दाट धुके’ लिहिले आणि ‘सर्व शांत’ लिहिताना पेन्सिलीचे टोक मोडले.

मी चाकू काढला. पेन्सिल घाईने करायची नसते. चहूबाजूंनी सारखी सोलून, शिसे लांब ठेवून, शेवटी कागदावर घासून टोक आणायचे असते. तसे मी आणले. ‘सर्व शांत’ पुरे केले आणि मान वर केली.

दत्तूकाकांचे तोंड उघडे होते. नरहरभटांचे हात जोडलेले होते. बुधा हसत होता. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. चौघेही समोरच्या एका आडव्या फांदीकडे बघत होते. फांदी हलत होती. फांदीवर काहीही नव्हते.

“काय झालं?” मी विचारले.

“काय झालं म्हणजे?” काका म्हणाले. “माधवा, अरे तो बसला होता ना. आधी पाठ करून बसला, मग वळला. लालभडक पोट, मधे पांढरा पट्टा. तीन मिनिटं तरी होता.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सूचना चार,” नरहरभट म्हणाले. “बोलू नये, बोट दाखवू नये, हात लावू नये. आम्हांला वाटलं, तुम्ही त्याचंच वर्णन लिहिताय.”

“मास्तर,” बुधा म्हणाला, “तुमी वहीतच बगत व्हता. त्यो तुमच्याकडं बगत व्हता.”

आम्ही दुपारपर्यंत बसलो. तो परत आला नाही.

उतरताना नरहरभटांनी तोडगा काढला. यजमानाला अडचण असली तर प्रतिनिधी चालतो, चौघांनी पाहिले ते मास्तरांनी पाहिल्यासारखेच, बेलाशक लिहावे. मला तो पटू लागला होता. मी वही काढलीसुद्धा. पुढे चालणाऱ्या वहिनी मागे न बघता म्हणाल्या, “भावोजी, दुसऱ्यानं पाहिलेलं ह्यांनी कधी वहीत लिहिलं होतं का?”

“नाही.”

“मग?”

वही मी पुन्हा पिशवीत ठेवली. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “बारीकच आहे हो पाखरू. मला वाटलं होतं, केवढं असेल. पण छान आहे. मी त्याला सांगितलं, बाबा, रागात बोलले होते मी.”

एकतीस जिनसांत त्यावर द्यायला माझ्याजवळ काही नव्हते.

वर्षश्राद्धाला मी धास्तावून अंगणात उभा होतो. वहिनींनी स्वतः पान वाढले, कावळ्याचा घास भिंतीवर ठेवला आणि दोन पावले मागे सरल्या, तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला.

“म्हणजे फिटलं म्हणायचं,” मी म्हणालो.

“त्यांचं फिटलं,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

ह्याला पाच वर्षे झाली. दत्तूकाका मधल्या काळात गेले. त्यांच्या दहाव्याला कावळा लगेच आला, कारण त्यांची काही इच्छा राहिली नव्हती, दुर्बीण त्यांनी पोचवली होती. मी दर वर्षी भाद्रपदात त्या धोंड्यावर जाऊन बसतो. पक्षी काही येत नाही. एकशे सदतिसाव्या ओळीत नाव आहे, पुढे माझ्या हातचे पाच सुबक रकाने आहेत, आणि ‘दाट धुके, सर्व शांत’ एवढाच मजकूर आहे. पंचवीस वर्षे मी हजेरीपट भरतो आहे, एकही खोटी खूण केलेली नाही. तेव्हा इथेही खरे तेच सांगायला हवे : त्या दिवशी पक्षी हजर होता. गैरहजर मी होतो.

येत्या रविवारी पुन्हा निघायचे आहे. सामानाची यादी झाली. मीठ घातले आहे. आणि मागचा अनुभव लक्षात घेऊन ह्या खेपेस पेन्सिली दोन घेतल्या आहेत.