तिसऱ्या रोबोची चूक

धामापूरचा दत्ताराम भडकला की तोंडाआधी त्याचे कान लाल होतात, हे साऱ्या गावाला ठाऊक. त्या दिवशी देवळाच्या मांडवात ते पिकल्या मिरचीसारखे झाले होते. चाळीस वर्षं दशावतारात राक्षस झालेला माणूस. कागदाला कधी शिवला नाही. समोरचा बोलेल त्यावर उभ्या उभ्या बोलायचं, हीच त्याची रीत. आणि कसालला कॉम्प्युटर शिकवणारा जितेंद्र त्याच्या हातात चक्क सतरा पानं कोंबत होता!

नाटक होतं यंत्रं कशी शिकतात त्याचं. पहिल्या रोबोला मालक एकेक मासळी दाखवून नाव सांगतो. दुसऱ्यापुढे नुसता ढीग ओततो. सारख्याला सारखी मासळी तो आपणच लावतो. तिसऱ्याने, म्हणजे दत्तारामने, सोलकढी वाढायची. जमली तर शाबासकी, चुकली तर मालकाची, म्हणजे जितेंद्रची, छडी.

"दोनदा सांडायची, तिसऱ्यांदा नीट. पान नऊ," जितेंद्र म्हणाला.

"मी चुकाचा कधी, ता पण तूच लिवन ठेवलंस?" दत्ताराम गरजला. "मग मी शिकतंय काय, कपाळ?"

"काका, पाठ होत नसेल तर पार्ट माझ्या वर्गातल्या सुदेशला देतो."

झालं! स्वतःच्या गावात, स्वतःच्या देवळात पार्ट जाणार? दत्तारामने पानं भिरकावली. "एकदा माझ्या रीतीन करतंय. ह्या माणसांका आवडला नाय, तर दी सुदेशाक!"

तालीम बघायला जमलेल्या बायका सरसावून बसल्या. पहिली सोलकढी द्रोणाबाहेर गेली. छडी बसली, पण बायका हसल्या. रोबोने मान वळवून त्या हसण्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा त्याने हातभर वरून ओतली. हसू वाढलं. तिसऱ्यांदा अख्खा तांब्या जितेंद्रच्या पांढऱ्या शर्टावर!

"चूक! चूक!" जितेंद्र किंचाळला.

"तुझी छडी एक, नि हसतत पन्नास जणां. मी कोणाचा आयकू?"

जितेंद्र छडी उगारून तसाच थांबला. यंत्र बक्षिसामागे धावतं, मालकाच्या मनात काही का असेना, हे वर्गात समजावताना त्याचा घसा बसायचा. इथे ते त्याच्या शर्टावरून निथळत होतं. पान नऊ त्याने स्वतःच फाडलं. पार्ट दत्तारामकडेच राहिला.

तरी स्वारी फणफणतच घरी आली. सुगंधाने, म्हणजे बायकोने, विचारलं, "पार्ट गावलो मा? मग तोंड असा कित्याक?"

"त्या मेल्यान एकदा तरी बरा म्हणूक नाय!" म्हणत त्याने ताट ढकललं. सुगंधाने ते परत पुढे सारलं, जरा जोरातच.