विमानाच्या मापाचं मीठ

माझी मावशी जन्मभर विमानातलं जेवण शिजवत आली, पण विमानात स्वतः कधी बसली नव्हती. विमानतळाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत होती. तिथे भाज्या चिरायच्या, शिजवायच्या, झटपट गार करायच्या, चंदेरी डब्यांत भरायच्या आणि ढकलगाड्यांवरून ट्रकमध्ये चढवायच्या. पुढे ते जेवण कुठल्या समुद्रावरून उडताना कुणाच्या पोटात गेलं, देव जाणे. भांडी घासायला लागलेली मावशी चढत चढत तिथली मुख्य आचारी झाली. हाताखालची माणसं पाठीमागे तिला ‘घड्याळबाई’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

तिथे एक नियम होता. उंचावर माणसाची जीभ बधिर होते, म्हणून जमिनीवर चाखताना मीठ-मसाला जरा चढाच लागला पाहिजे. मावशीच्या हे इतकं अंगवळणी पडलं की घरच्या भातावरही तिचा हात तसाच पडायचा, आणि तिची जीभही त्यालाच सरावली होती. आमची आई म्हणायची, “ताईकडे जेवायला जायचंय ना, मग आदल्या दिवसापासून अळणी खा.” पण हे तिच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती? जी बाई पन्नास जणांना एका भुवईवर नाचवायची, तिला कोण शिकवणार? आम्ही दह्यावर दही घेऊन वेळ मारून न्यायचो.

निवृत्त झाल्यावर तिला वेगळंच काम लागलं. खाण्याचा धंदा नव्याने सुरू केलेली माणसं तिला बोलावू लागली. चार शब्द सांगा, म्हणायची. मी केकचं दुकान चालवते आणि ते बुडता बुडता तिच्याच सल्ल्याने तरलंय, म्हणून तिची पिशवी धरून मीही जायचे. तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. “जेवण उत्तम झालं पण उशिरा झालं, तर तो कचरा. विमान तुमच्या कोथिंबिरीसाठी थांबत नाही.” “आधी आलेला माल आधी वापरा. रागाचंही तेच. जुना राग आधी निकालात काढा, नव्याला रांगेत उभा करा.” आणि शेवटी हमखास, “डब्याला झाकण लागलं की हात मागे घ्या. घरी जाऊन झोपा.” लोक टाळ्या वाजवायचे. मला हसू यायचं, कारण निजल्यावरही पुटपुटणारी मावशी मी पाहिली होती.

एकदा बसने परतताना मी विचारलंच, “झाकण लागल्यावर खरंच विसरायचीस तू?”

“डोंबल विसरायचे,” ती म्हणाली. “तुझं बरं आहे गं. केक घेणाऱ्याचं तोंड तरी दिसतं तुला. मी तिथे इतकी वर्षं रांधलं, पण माझा घास कुणी तोंडात घालताना पाहिला नाही. आणि घरात एक माणूस समोर बसून जेवायचं, तर त्याच्या तोंडाला कुलूप.”

ते माणूस म्हणजे काका, तिचे यजमान. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घरातही जपून बोलायचे, जणू शब्दांनाही ओरखडा पडेल. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी मावशीची सल तीच. “एकदा छान म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? वाईट झालंय म्हणाले असते तरी चाललं असतं.” तिला त्यांची फार आठवण यायची, आणि आठवण आली की ती त्यांच्याशी भांडायची.

मग एका लांबच्या शहरातून बोलावणं आलं, आणि सोबत विमानाची तिकिटं. जेवण तिच्याच जुन्या स्वयंपाकघरातून चढणार होतं, आणि भात अजूनही तिच्याच मापाने होत होता. मावशीने ठेवणीतली साडी काढली. मी तिला खिडकी देऊ केली तर म्हणाली, “मला काय करायचेत ढग? मधल्या वाटेला बसव. ताटं दिसू देत.”

ढकलगाडी आली. मावशीने आपल्या डब्याचे कोपरे आधी तपासले, बरोबर दुमडले होते. पण झाकण काही उघडलं नाही. ती बघत होती पलीकडच्या रांगेतल्या माणसाकडे. त्याने मोबाईल बघत बघतच डबा उघडला. पहिला घास घेतला, थांबला, मोबाईल पालथा घातला आणि नीट जेवू लागला. शेवटी चमच्याने कोपरेसुद्धा खरवडले. मावशी माझ्या बरगडीत कोपर खुपसत होती. “बघ गं, बघ!” तिचे डोळे भरून आले होते.

मला कडकडून भूक लागली होती. मीही भरभर खात होते, आणि त्या भरात बोलून गेले, “मावशी, इथे तुझं मीठ काय बरोबर लागतंय गं!”

“इथे म्हणजे?”

आता जीभ चावून काय उपयोग? मी सांगून टाकलं. “घरी जरा चढं व्हायचं. नेहमीच. सगळंच.”

“मग तुम्ही सगळे?”

“दही घ्यायचो.”

आता माझी खैर नाही असं वाटलं. पण तिने आपला डबा उघडला, एक घास घेऊन सावकाश चावला.

“ह्यांनाही लागत असेल?”

“लागणारच की. त्यांची जीभ काय वेगळी होती?”

ती भाताकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “रोज दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचे गं. न चुकता. दही नाही, काही नाही. मी आपली म्हणायचे, ह्या माणसाला चवीतलं ओ की ठो कळत नाही.”

मी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

तेवढ्यात ताटं गोळा करणारी मुलगी आली. “झालं का, आजी?”

मावशीने दोन्ही हातांनी डबा जवळ ओढला. “नाही बाळा, थांब,” ती म्हणाली, आणि खाली मान घालून तो भात शेवटच्या शितापर्यंत खात राहिली.