थोरल्या बाई आणि फुटलेला थर्मामीटर

आमच्या थोरल्या बाईंइतके कायदे साऱ्या वऱ्हाडात कुणी केले नसतील, आणि त्यांतला एकही त्यांनी कधी तोंडानं सांगितला नाही! अमरावतीच्या दवाखान्यात आम्ही सहा नर्सा, त्यांत या सगळ्यांत जुन्या. अचलपूरच्या माळ्याची लेक, आवाज भाजीबाजारात कमावलेला. "हळू बोला," हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणत की बाळंतिणी दचकून उठत. त्या एखादी गोष्ट नुसती करीत आणि आठवड्यात तो आमचा शिरस्ता होऊन बसे. वॉर्डात शिरताना त्या पदर खोचून एकदा खाकरत. बघता बघता आम्ही साऱ्याच खाकरू लागलो आणि डॉक्टरसाहेबांनी सरसकट सगळ्यांना खोकल्याचं औषध सुरू केलं! नवी मुलगी रडली की तिला चादरींच्या खोलीत नेऊन त्या पुढ्यात भाकर ठेवत. "आधी जेव वं, मंग रड. उपाशीपोटी रडनं होते काय?" पुढे कुणीही रडवेली दिसली की जिच्याजवळ डबा असेल ती आपसूक उठे.

मी मूर्तिजापूरची, विधवा, उमेदवारीवर लागलेली. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून थर्मामीटर फुटला. साहेब कडाडले, "कुणी फोडला? तिनं आजच गाठोडं बांधावं!" पुन्हा भावाच्या दारात उभं राहायचं? तेवढ्यात थोरल्या बाई गरजल्या, "माह्या हातून फुटला, साहेब!"

मी जीव एकवटून म्हटलं, "नाही, मी फोडला!"

"मी!" खाटेपलीकडून तिसरी म्हणाली. मग चौथी, पाचवी. सहावी नुकती पाणी घेऊन आत येत होती; काय फुटलंय हेही तिला ठाऊक नव्हतं, पण "मीच फोडलं, साहेब!" म्हणून तीही मोकळी झाली.

"एक थर्मामीटर सहाजणींनी फोडला?"

"मजबूत होता, साहेब," थोरल्या बाई म्हणाल्या. "एकीले थोडाच आवरला असता!"

साहेबांना हसू फुटलं. माझी नोकरी राहिली.

पुढे बाईंची अकोल्याला बदली झाली. बडनेरा स्टेशनावर त्यांना गाडीत बसवून आम्ही परतलो. खिडकीजवळच्या त्यांच्या स्टुलावर मग कुणीच बसेना. एकदा एक नवी मुलगी बसायला गेली, तर मीच ओरडले, "अगं, तिथं नाही बसत!"

"कावून?" तिनं विचारलं.

मी पदर खोचून एकदा खाकरले आणि कामाला लागले.