माधुरी मॅडमनं पाठवलेला फोटो

आमच्या शेजारची माधुरी म्हंजी एक नमुना हाय. डी.एड. करून बारा वर्षं झाली, सरकारी नोकरी काय लागली न्हाई, पन मास्तरकी अंगातून जात न्हाई. मी भाकरी थापत असले तरी दारातून विचारनार, "काकू, ह्या भाकरीचे आठ भाग केले, तीन ओमनं खाल्ले, तर उरले किती?" मी म्हनते, "माझ्या घरात भाकरी उरतच न्हाई, जा तिकडं!"

ओम म्हंजी माझा नातू. चौथीतच हुता, पन आतापासनंच तिच्या पडवीत नवोदयच्या क्लासला बसायचा. पाचवीत असताना ती परीक्षा द्यायची, निवड झाली तर सहावीपासून हॉस्टेलात राहून फुकट शिक्षण. पन निवड हुती मोजक्याच पोरांची, म्हनून सगळा तालुका तिच्यामागं पळतो.

माधुरीची शिकवायची तऱ्हाच न्यारी. आरशातली आकृती पोरांना कळंना, तर बाईनं लग्नातल्या कपाटाचा आरसाच काढून पडवीत ठेवला. चार महिने नवरा बाहेर मोरीवर दाढी करत हुता. जुन्या पेपरच्या घड्या घालून कात्रीनं भोकं पाडायची आन् पोरांना विचारायची, उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील? तिच्या घरात एक धड पेपर राहिला न्हाई. भजी निथळायला मागितला, तर तो बी चाळनीवानी!

त्या क्लासात हुती ज्ञानेश्वरी, आमची ज्ञानी. तिची आई सविता रोज कांद्याच्या कामाला. मग ज्ञानी शाळेतून सुटली की थेट माधुरीकडं. तिथंच खायची, तिथंच गणितं करायची, कधी तिथंच झोपायची. फॉर्म भरायच्या वेळी फोटो लागला, तर माधुरीनं भिंतीला पांढरी चादर लावली, पोरीच्या दोन वेन्या घातल्या, आपल्या मोबाईलवर फोटो काढला. पोरगी हसत हुती, तर म्हनली, "हसू नको, फॉर्मात दात चालत नाहीत."

निकाल लागला आन् ज्ञानीचं नाव आलं. माधुरी अनवानी पळत माझ्या चुलीपाशी आली. जाडीच हाय थोडी, मी तोंडावर सांगते, तिला पळताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. दोघी मिळून रडलो आन् माझी भाकरी करपली.

दुसऱ्या आठवड्यात सविता आली. "मॅडम, तो फॉर्मचा फोटो आन् हॉलतिकीट पाठवा की. एक मेला सत्कार हाय."

माधुरीनं तिथंच पाठवला. वर गुलाबाची तीन फुलं बी.

मी ब्लाऊज शिवायला टाकायला पारनेरला गेल्ते. स्टँडबाहेर बघते तर भला मोठा फ्लेक्स. एका नव्या अकॅडमीचा. नाव घेत न्हाई, फुकटची जाहिरात कशाला? मधोमध आमची ज्ञानी, त्याच दोन वेन्या, खाली लिहिलेलं, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. त्या अकॅडमीची पायरी पोरीनं कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन सांगितलं, तर माधुरी म्हनते, "काकू, छापणाऱ्याची चूक असेल."

"छापनाऱ्याला तुझ्या मोबाईलमधला फोटो सपनात दिसला व्हय गं?"

मग गेलो दोघी सविताकडं. ती कांदे निवडत हुती. मान वर केली न्हाई.

"मॅडम, ते लोक घरी आल्ते. म्हनले, फोटो द्या, धाकट्या रामला दोन वर्षं फुकट शिकवतो."

"रामला मी शिकवलं नसतं?" माधुरी म्हनली.

"शिकवलं असतं की. पन तिथं एसी हाय, पडद्यावर शिकवतात." मग हळूच म्हनली, "तुमचं काय जानार हाय, मॅडम? तुमी तर घरच्याच."

काय जानार, ते पंधरा दिवसांत दिसलं. पुढच्या बॅचला माधुरीकडं अकरा पोरं यायची ठरली हुती. फ्लेक्स पाहून सगळ्या आया म्हनायला लागल्या, ज्ञानी तिथनंच पास झाली ना, मग आपलं बी तिथंच घाला. अकॅडमीची गाडी गावात यायला लागली. अकरातली नऊ पोरं त्या गाडीत. नववा आमचा ओम. माझा मुलगा सुनेचं ऐकतो, माझं न्हाई. मी लई भांडले, पन गाडी दारात आली तेव्हा डबा मीच भरून दिला, हे बी खरं.

एक मेला ग्रामपंचायतीपुढं मांडव. गावात कुठला बी कार्यक्रम असला की माईक माधुरीच्या हातात. तिच्यासारखं शुद्ध बोलनारं दुसरं हाय कोन? त्या दिवशी बी तिलाच बोलावलं. हातात कागद दिला, त्यावर ठरलेलं वाक्य. अकॅडमीचे सर पुढच्या खुर्चीत, शेजारी सविता नव्या साडीत. मला वाटलं, आता ही माईकवर सगळं सांगनार. मी तर पदर खोचून बसले हुते.

माधुरीनं कागद पाहिला. म्हनली, "ज्ञानेश्वरीची नवोदयला निवड झालेली आहे. तिनं पुढं यावं." बास. अकॅडमीचं नाव वाचलंच न्हाई. कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग ते सर स्वतः उठले, माईक घेतला आन् सांगत बसले, आम्ही कशी मेहनत घेतली. शेवटी ज्ञानीला बोलायला लावलं. पोरगी ताठ उभी राहिली, खाली न बघता, एकेक शब्द सुटा करून बोलली, अगदी माधुरीनं शिकवल्यागत. "माझ्या यशाचं श्रेय माझे आईवडील आणि अकॅडमीच्या सरांना."

टाळ्या पडल्या. माधुरीनं बी वाजवल्या.

संध्याकाळी मी तिच्या पडवीत बसले हुते. ज्ञानी पेढ्यांचा पुडा घेऊन आली, दारातच उभी राहिली.

माधुरी म्हनली, "पेपरात शेवटी वेळ उरला होता का गं?"

"बारा मिनिटं."

"मग काय केलंस?"

"तुमी सांगितल्यागत उत्तरांचे सगळे गोल परत तपासले. एक चुकून रिकामा राहिल्ता, तो भरला."

"हे माईकवर का नाही सांगितलंस?"

पोरीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "आई म्हनली, मॅडमला राग येनार न्हाई. त्या लई चांगल्या हायेत."

माधुरीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुड्यातला एक पेढा काढून तिच्याच तोंडात घातला आन् बाकीचा पुडा परत तिच्या हातात दिला.

"आईला सांग," ती म्हनली, "राग आला."