बसून वाजवणाऱ्यांची कार्यशाळा

निमंत्रण आलं ते मोबाईलवर. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवलं होतं. 'सनई, ओबो व बसून वाजवणाऱ्या कलाकारांसाठी विद्यापीठाची एकदिवसीय कार्यशाळा, नगर.' चष्मा लावून दोनदा वाचलं. सनई कळली. ओबो ही टायपिंगची चूक असावी असं धरून चाललो. पण 'बसून वाजवणाऱ्या' हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आम्ही जन्मभर उभ्याने वाजवलं. मांडवाच्या दारात उभ्याने, वरातीपुढे चालत चालत. वाजंत्र्याला 'बसा' म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. सगळ्या पंगती उठल्या की मगच आम्हाला बूड टेकायला मिळायचं, तेही जेवण्यापुरतं. आता बसून वाजवणाऱ्यांची ही नवी जात कुठून निघाली, असं मी वहिनींना तावातावाने विचारलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बसून का व्हईना, बोलावलंय तर जा की भावजी."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. राजूरपासून जीपने जावं लागतं अशा आमच्या मूळ गावी त्या राहतात, निमंत्रण आलं तेव्हा मी तिथेच गेलो होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन तालुक्याच्या गावी, अकोल्यात घर केलंय. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. तो सनई वाजवायचा आणि मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहून सूर धरायचो. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली. त्यातून एकच स्वर निघतो आणि तो तोडायचा नसतो. गालात हवा साठवायची, ती ओठांनी सोडता सोडताच नाकाने दम घ्यायचा. दादाने मला हे पपईच्या देठाची नळी तांब्यातल्या पाण्यात धरून शिकवलं होतं. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली बसायची. मी शाळा सांभाळून, सुट्ट्या काढून, चाळीस लग्नसराया तो एकच स्वर वाजवला. शाळेतले सहकारी म्हणायचे, गुरुजी, तुम्हाला सोपं काम दिलंय. मी हसायचो, पण ते मला लागायचं.

दादा गेल्यावर मी सूर तोंडाला लावला नव्हता. नुसता सूर वाजवून करायचं काय?

निघताना वहिनींनी ट्रंकेतून दादाची सनई काढली. लाल फडक्यात बांधलेली. "तितं कुनी खरा वाजवनारा भेटला तर देऊन टाका," त्या म्हणाल्या. "पोराला तर नको हाय ती. हितं नुसती पडून लाकूड तडकंल. पन शोकेसात ठेवनाऱ्याला देऊ नका. फुंकनाऱ्याला द्या." मी हो म्हणालो. दादाची वस्तू, तिच्यावर त्यांचा हक्क. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोललो नव्हतो.

अकोल्याहून माझा सूरही पिशवीत घेतला आणि पहाटेची एसटी पकडून नगरला पोचलो. हॉलच्या दारात टेबल मांडून एक मुलगी नावं लिहून घेत होती. "वाद्य कोणतं, सर?"

"सूर."

"सूर तर सगळ्यांनाच असतो सर. वाद्य सांगा ना."

तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे लिहिलं, 'सनई (सहायक)'. माझ्यातला मास्तर जागा झाला. तिचंच पेन घेऊन मी 'सहायक' खोडलं आणि 'सूर' लिहिलं. मागे रांग लागली होती, लागू दे म्हटलं.

आत गेल्यावर बसूनचा उलगडा झाला. मुंबईहून दोन पाहुणे आले होते. एक तरुण बाई, त्यांच्या हातात काळी, चांदीच्या चाव्या लावलेली सनईच म्हणा, तो ओबो. दुसरे टक्कल पडलेले उंच गृहस्थ, त्यांच्याजवळ छातीला लागेल एवढी लाकडी नळी, ते बसून. त्या वाद्याचं नावच बसून! मी एकटाच मोठ्याने हसलो. का हसलो म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. त्यावर तेही खो खो हसले आणि म्हणाले, "मास्तर, हे खरंच बसूनच वाजवावं लागतं." तिथून आमचं जमलं.

सकाळभर पत्त्यांचं चाललं होतं. फुंकताना ओठांत धरायची ती पत्ती, ओबोलाही असते आणि बसूनलाही. बाई चाकूने पत्ती तासून, दोऱ्याने बांधून दाखवत होत्या आणि डबीतल्या पाण्यात भिजवत होत्या. मला आमचं अंगण दिसायला लागलं. दादा सकाळी ओट्यावर ताडाच्या पानाच्या पत्त्या करत बसायचा आणि कोऱ्या चहात बुडवायचा. वहिनी ओरडायच्या, "च्या पत्तीला की तुमाला?" मग तोच चहा तो पिऊन टाकायचा. लग्नसराईत आमच्या घराला चहाचा आणि ताडाच्या पानाचा मिळून एक वास असायचा. तसा वास त्या हॉलमध्ये नव्हता, तरी मला आला.

बाईंनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात आधी ओबो एक स्वर देतो आणि बाकी सगळे आपापली वाद्यं त्याला मिळवतात. त्यांनी तो वाजवून दाखवला आणि थांबल्या. मी म्हणालो, "तुम्ही स्वर देऊन मोकळ्या होता. आम्हाला शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो."

"दाखवता?"

दोन वर्षांनी सूर तोंडाला लावला. सुरुवातीला थरथरला. मग बसला. किती वेळ धरला माहीत नाही, पण मी थांबलो तेव्हा ते टक्कलवाले पाहुणे खुर्चीच्या कडेला आले होते. म्हणाले, "आम्हाला हे जमत नाही. आमचा दम संपतो." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

जेवणाआधी मी लाल फडकं सोडलं. शिर्डीकडचा एक सनईवाला आला होता, हॉटेलांत पाहुण्यांच्या स्वागताला वाजवणारा. त्याने दादाची सनई उचलली, पत्ती ओली केली आणि असं काही वाजवलं की वाढपीसुद्धा थबकले. बोट हलकं, दम मोठा. वहिनींनी सांगितला होता तसाच, तंतोतंत. "लई ग्वाड हाय गुरुजी. मला द्या, मी जपीन," तो म्हणाला.

मी म्हणालो, जेवण होऊ द्या. जेवण झालं. मी म्हणालो, चहा होऊ द्या. चहाही झाला. मग मी संडासाला गेलो आणि तिथेच बराच वेळ उभा राहिलो. माझं मलाच कळेना, देण्यासारखा माणूस समोर असताना माझा हात का निघत नाही.

परत आलो तर ते बसूनवाले पाहुणे वाट बघत होते. "मास्तर, चाळीस वर्षं ऐकलेल्या चाली तुम्हाला पाठ असणार. आज तुम्ही सनई वाजवा. मी खाली सूर धरतो, जमेल तेवढा."

सनई मी कधी वाजवली नव्हती असं नाही. दादा बाजाराला गेला की चोरून वाजवायचो. पण लोकांत कधीच नाही. नवरी सासरी निघताना दादा वाजवायचा ती चाल मी घेतली. बोटं अडखळली, स्वर चिरका लागला, कोणीतरी खाकरलं. पण खालून त्या बसूनचा जाड, शांत स्वर येत होता आणि त्याच्या आधाराने मी पुढे पुढे जात राहिलो. चुकलो तरी पडत नव्हतो. मधल्या वळणावर पोचलो आणि पाहुण्यांचा दम संपला. खालचा स्वर तुटला. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं झालं. माझी बोटं जागच्या जागी थांबली.

"माफ करा," ते म्हणाले.

दादाच्या पायाखालून मी चाळीस वर्षांत एकदाही ती पायरी काढली नव्हती. मला सोपं काम दिलं होतं म्हणणाऱ्यांचा राग त्या क्षणी गेला. आणि दादाची इतकी आठवण आली, तेवढी त्याच्या अंत्यविधीतसुद्धा आली नव्हती.

निघताना शिर्डीवाला पुन्हा आला. मी म्हणालो, "देत नाही."

"मग आनली कशाला, गुरुजी?" तो चिडून म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी सनई फडक्यात बांधली आणि एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि पिशवीकडे बघितलं. "दिली न्हाई?"

"न्हाई."

"कुनी वाजवनारा भेटला न्हाई व्हय?"

"भेटला. माझ्यापेक्षा लई चांगला भेटला." या घरात मी कधी काही मागितलं नव्हतं. "वहिनी, मला पायजे ती."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आता म्हणतील, या वयात? दम तरी पुरतोय का? पण त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग वाजवा."

मी तीच चाल घेतली. मधल्या वळणापर्यंत आलो, तिथून घाईने पुढे निघालो, तशी त्यांनी हात वर केला. "आवो, पळताय कशाला? तितं ते दम घ्यायचे."

"कुठं?"

त्यांनी ती चाल हलकेच गुणगुणून दाखवली. एका जागी थांबल्या, श्वास घेतला आणि पुढे गेल्या. चाळीस वर्षं मी दादाच्या कोपराला कोपर लावून उभा होतो आणि तो तिथे थांबतो हे मला ठाऊक नव्हतं. तो थांबायचा तेव्हा माझा सूर चालू असायचा. मी माझाच दम सांभाळण्यात गुंतलेला असायचो. दादा घरी एकटाच रियाज करायचा तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायच्या, त्यांना ठाऊक होतं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. त्या जागेवर आलो आणि थांबलो. खाली सूर धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे तेवढा वेळ काहीच वाजलं नाही.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "व्हय," त्या म्हणाल्या. "एवढाच वेळ."