पाय त्याचे, चाल तिची

देवाने माणसाला दोन पाय दिले आणि ते आपलेच आहेत ही समजूतही सोबत बांधून दिली. बहुतेकांचा जन्म त्या समजुतीवर सुखाने निभावून जातो. मी ज्या गृहस्थाची गोष्ट सांगतो आहे, मायबापहो, त्याचा निभावला नाही; कारण त्याचे पाय हीच त्याची रोजीरोटी होती, आणि ते उभी हयात परक्यांसाठी राबले होते.

सिनेमात माणूस जिना चढताना जी पावले आपण ऐकतो, ती पुष्कळदा त्या नटाची नसतात. चित्रीकरणाच्या गलबल्यात पावलांचा आवाज नीट मिळत नाही. मग मागाहून एका बंद खोलीत कोणीतरी पडद्याकडे पाहत त्या नटाच्या बरोबरीने चालतो आणि त्याची पावले नटाच्या पायांखाली बसवली जातात. हा गृहस्थ म्हणजे तो चालणारा. स्टुडिओत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांनी मिळून त्याला नवे आडनावच बहाल केले होते: पावलेकर. त्याच्या खोलीच्या जमिनीत चौकोनी खण होते. एकात वाळू, एकात खडी, एकात गुळगुळीत फरशी, एकात कुरकुरणाऱ्या फळ्या. भिंतीशी जोड्यांची मांडणी होती आणि तिच्यात पोलिसाच्या बुटांपासून टाचेच्या सँडलपर्यंत सारे काही त्याच्या मापाचे होते. सकाळी तो फौजदार असे, दुपारी नवी नवरी, उतरत्या उन्हात लंगडा भिकारी. काचेपलीकडे बसून हे सारे टिपून घेणारी रेकॉर्डिस्ट बाई त्याला म्हणे, की पावलेकर, तुमच्याइतके खून कोणी केले नसतील आणि तुमच्याइतकं पळूनही कोणी गेलं नसेल. तो लाजून हसे. बोलण्याचे काम त्याने आयुष्यभर पायांवर सोपवले होते.

घरी तीन माणसे उरली होती. तो, चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी त्याची लेक, आणि त्याची सासू. पत्नी आदल्या वर्षी आजारपणात गेली. सासूबाई लेकीच्या शुश्रूषेला म्हणून आल्या होत्या. लेक गेली तेव्हा परत जायला त्यांचे स्वतःचे घर राहिले नव्हते, म्हणून इथेच राहिल्या. त्यांची नजर अधू झाली होती. दारात उभा राहिलेला माणूस त्यांना धुक्यातल्या खांबासारखा दिसे. मात्र जिन्यावरचे पाऊल त्या बिनचूक ओळखत. इस्त्रीवाला आला, वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली, नात आली, असे पलंगावरूनच सांगत. लेकीमागे त्यांचे जेवण दोन घासांवर येऊन थांबले होते. घरात दुःख होते, पण त्याचा उच्चार नव्हता. जो तो आपले दुःख पदराआड दिवा न्यावा तसे झाकून वावरत होता. अहो, एका छताखाली तीन माणसे एकाच बाईसाठी रडत होती, आणि तिघे तीन निरनिराळ्या वेळी!

अशा दिवसांत स्टुडिओत एक भुताचा सिनेमा आला. कथा अशी, की एका घरातली आई वारते. बाप सुन्न, मुले सुन्न. मग एके दिवशी जिन्यावर आईची पावले वाजतात. मुले धावत जाऊन दार उघडतात, तर दारात बाप. आईचा आत्मा बापाच्या अंगात आलेला असतो, आणि मुलांना ते पहिल्यांदा कळते ते चालीवरून. दिग्दर्शक तरुण होता, नम्र होता आणि म्हणूनच ऐकणारा नव्हता. सगळा सिनेमा या एका जिन्यावर उभा आहे, असे त्याने समजावले.

"पाय त्याचे, चाल तिची," तो म्हणाला. "एवढंच हवंय मला, काका."

एवढेच! पावलेकराने नाजूक चाल काढली, थकलेली काढली, लगबगीची काढली. दिग्दर्शक प्रत्येक वेळी हात जोडी आणि नाही म्हणे. एकदा म्हणाला, ही बाई आहे, पण आई नाही. एकदा म्हणाला, हा पुरुष नक्कल करतो आहे. काम लांबत चालले. रेकॉर्डिस्ट बाई वैतागून बोलून गेली, की पावलेकर, आता तुम्ही एकदा मरूनच बघा, म्हणजे जमेल. बोलली आणि तिने जीभ चावली. त्याच्या घरचे तिला ठाऊक होते.

त्याच दुपारी तो कंटाळून पडद्यासमोरून बाजूला झाला, पायांतले काढून ठेवले आणि फळ्यांवरून कोपऱ्यात पाणी प्यायला गेला. परत वळला, तो काचेपलीकडे बाई हात वर करून उभी. माईक चालूच राहिला होता.

"हे आत्ता काय केलंत?"

"पाणी प्यायलो."

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. उजवा पाय पुरता टेकलेला. डावा किंचित उशिरा, फळीला घासून आलेला. वळताना मध्येच एक थांबा, जसे काही आत विसरून राहिले आहे. ही चाल त्याच्या पत्नीची होती. स्वयंपाकघरातून निघून, दिवा मालवला की नाही या शंकेने चौकटीत थबकणारी, तीच ती. शिवाय त्या आवाजात चप्पल होती. तळ सुटत आलेल्या चपलेची ती हलकी टाळी. त्याने खाली पाहिले. पाय अनवाणी होते.

त्याने बाईला विचारले, मी पायांत काही घातले होते का? बाई म्हणाली, माझे लक्ष यंत्रावर होते, घातली असेल एखादी चप्पल आणि काढलीही असेल, तुम्हाला कुठे भान असते! हे पटण्यासारखे होते. पण मांडणीतली प्रत्येक जोडी जागच्या जागी होती. असेही असेल, तसेही असेल. शपथेवर सांग म्हटले असते तर बिचाऱ्याला कोणत्याच बाजूने शपथ घेता आली नसती. दिग्दर्शकाने ते ऐकले, त्याचे डोळे भरून आले, आणि ती चाल सिनेमातल्या बापाच्या पायांखाली कायमची जाऊन बसली.

संध्याकाळी हा घरी आला. जिन्याच्या वळणावर पोचला तोच आतून सासूबाईंचा आवाज आला.

"आलीस का गं? किती उशीर."

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग आत गेला, कारण आत जाण्यावाचून करणार काय? सासूबाईंनी वाढायला सांगितले. त्याने वाढले. त्या पोटभर जेवल्या, पुन्हा मागून घेतले, आणि तोंड पुसत लेकीपाशी जावयाची कागाळी करू लागल्या. तुझा नवरा माणूस बरा आहे, पण घरात आहे की नाही ते कळत नाही. घुम्याशी संसार कसा केलास गं, मला तर दोन दिवसांत वेड लागलं असतं. तो घुमा समोर ताट हातात घेऊन उभा होता. तो फक्त "हं" म्हणाला. त्या "हं"मध्ये त्याचा आवाज किती आणि तिचा किती, हेही त्याला उमगले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या पायरीवरच निश्चय केला, की सरळ चालायचे. वळणापर्यंत पायांनी निश्चय मोडला होता. तिसऱ्या दिवशी तर पाय आपण होऊन जात आहेत की आपणच त्यांना जाऊ देतो आहोत, याचाही त्याला उलगडा होईना. म्हातारी जेवत होती ना! तिच्या गालांवर तुकतुकी येत होती. भगवंता, एखाद्या भुकेल्याच्या तोंडी घास जातो आहे तो पुण्याचा की फसवणुकीचा, हे ताट हातात धरणाऱ्याने ओळखायचे कसे?

पुढच्या आठवड्यात एकदा लेक दुकानातून लवकर परतली होती. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना जिन्यावर पावले वाजली. हातातले टाकून ती धावली आणि तिने दार उघडले. दारात बाप. तिचा चेहरा आधी उजळला, मग विझला, आणि ते विझणे त्याने पाहिले. सिनेमातले तिला काहीच सांगितलेले नव्हते.

"बाबा, आईसारखं काय चालताय?"

"मी मुद्दाम नाही करत."

"मग कोण करतंय?"

तिने त्याला घरातल्या बोळात उभे केले आणि म्हणाली, तुमचं स्वतःचं चालून दाखवा. तो चालला. हा तर इन्स्पेक्टर, ती म्हणाली. तो परत फिरला. हा सावत्र बाप, त्या कोर्टाच्या सिनेमातला. पुन्हा फिरला, हा म्हातारा पोस्टमन. लहानपणी याच चाली करून तो तिला हसवून जेवू घालत असे, त्यामुळे तिला सगळ्या पाठ होत्या. आताही ती हसली. तो मात्र हसेना. त्याने बूट काढले, डोळे मिटले, हात मागे बांधले, सोडले. जे पाऊल पडे ते कोणा ना कोणाचे निघे. बोळ संपला, तो भिंतीकडे तोंड करून थांबला, आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

"आई गेली ते कळलंय मला. तुम्ही कुठे गेलात ते कळत नाही. मी उद्या मावशीकडे जाते, बाबा. रोज संध्याकाळी मला हे दार उघडायचं नाही."

आता त्याच्यापुढे एकच प्रश्न उरला: ही लेक घरात राहील की नाही? बायको देवाने नेली होती. लेक त्याचे स्वतःचे पाय नेत होते.

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या कामातून उठला. बूट हातात घेतले आणि पायरीपायरीवर आधी बोटे, मग टाच, अशी चोरपावले टाकत स्वतःच्याच घराचा जिना चढला. कोणाचीच चाल उमटू नये, एवढीच त्याची धडपड. दार उघडे होते. उंबऱ्यालगत लेकीची भरलेली बॅग होती आणि ती कपाटातून काहीतरी काढत होती.

"कोण आहे?" सासूबाईंनी विचारले.

"मी आहे, आई. तुमचा जावई." त्याच्या तोंडून इतके सलग शब्द त्या घराने फार दिवसांनी ऐकले. "रोज संध्याकाळी मीच येत होतो."

आता म्हातारी मोडणार, ताट दूर सारणार, असे त्याला वाटले. सासूबाईंनी पांघरूण सारखे केले.

"आत्ता तुम्ही आहात ते कळतंय मला. संध्याकाळी ती असते."

"ती नसते हो. चाल फक्त तिची असते."

"तिची कुठली?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे होती तोवर ती चाललीच नाही कधी, धावायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती ही अशी, डावा पाय मागे ठेवत. मी हसले तिला. म्हटलं, नवऱ्याबरोबर चालून चालून त्याचीच चाल उचललीस की गं."

कपाटाचे दार लावायचे राहिले. लेक मागे वळली होती. तिने विचारले, "आजी, नक्की?"

"नक्की आता काय राहिलंय, बाळ? कधी वाटतं तिची, कधी वाटतं यांची. कानाला सारखीच लागते."

तो आठवू लागला. स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी, तरुणपणी, आपण कसे चालत होतो? कोणी टिपून ठेवले नव्हते. ज्या एका माणसाने शेजारून चालताना ते पाहिले असेल, ते माणूस विचारण्यापलीकडे गेले होते. मग त्या दुपारी स्टुडिओतल्या फळ्यांवर कोण चालले? ती त्याच्यात आली होती, की तिच्यापाशी ठेवायला दिलेला तो स्वतःच इतक्या वर्षांनी परत आला होता? आणि ती चप्पल? मायबापहो, मला हे सुटत नाही. त्यालाही सुटले नाही. प्रेमाने दोन जीव असे कालवले, की वेगळे करायला देवाचाच हात हवा, आणि देव त्या दिवशी काही बोलला नाही.

तो उंबऱ्याबाहेर बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. उजवा आधी टाकावा तर ती, डावा टाकावा तर कोण, काही ठरेना. एक पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. लेक त्याच्याकडे बघत होती. भीती तिच्याही चेहऱ्यावरून पुरती गेली नव्हती.

"या ना आत, बाबा," ती म्हणाली. "कसंही चाला."

वाटेतली बॅग तिने पायाने बाजूला सारली, आणि तो आत आला.