शिगेचं माप

हनीफसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात चाचणीच्या प्रश्नपत्रिका वाटत होतो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं... सुटका होती. आता रविवारी त्यांच्या घरी जाऊन खोटं बोलावं लागणार नाही, एवढंच मनात आलं. हे सांगायची मला लाज वाटते, पण सरांविषयी खरं लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघं पनवेलच्या एकाच शाळेत गणित शिकवायचो. ते माझ्याहून वयाने बरेच मोठे. भूमिती त्यांनी फळ्यावर कधी सुरू केली नाही. आधी कार्डशीट, कात्री आणि खळ. मुलं घन, शंकू, वृत्तचिती बनवायची, कडा मोजायची आणि मग त्यांत मीठ भरायची. तळ आणि उंची सारखी असेल तर डब्यासारखी ती वृत्तचिती भरायला किती शंकू मीठ लागतं? पुस्तकात तीन आहे. सरांच्या वर्गात कुणाचे पावणेतीन यायचे, कुणाचे सव्वातीन. "आलं तेच लिहायचं," ते म्हणायचे. आधी आलेलं माप, मग ते तसं का आलं याचा शोध, आणि सूत्र सगळ्यात शेवटी. मी एकदा म्हटलं, "सर, चिमूटभर इकडंतिकडं केलं की येतात की तीन." त्यावर सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले, "म्हात्रे, मिठागरवाल्याचा पोरगा ना तू? आणि मिठाशीच बेइमानी?"

मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचं बाहेर पडणं थांबलं तेव्हा त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. "मीठ बंद करू नकोस," एवढंच त्यांनी मागितलं, आणि मी हो म्हणालो. पण वेळापत्रक मीच करायचो. दर आठवड्याला चाचण्या आल्या आणि मी प्रयोगाच्या तासालाच त्या घातल्या. पुढच्या महिन्यात करू, दिवाळीनंतर करू... प्रयोगाच्या सामानाचं कपाट उघडलंच नाही.

रविवारी सर उशीला टेकून वाट बघत असायचे. "किती आले?"

"तीन," मी पहिल्यांदा म्हणालो.

"सगळ्यांचे?"

"हो."

त्यांनी डोळे बारीक केले. "चाळीस पोरांचे बरोब्बर तीन? ही पोरं आहेत का पुस्तकाची पानं?"

तिथेच कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी पुढच्या रविवारी मी तयारी करून गेलो. म्हणालो, मनाली नावाच्या गव्हाणच्या मुलीचे अडीचच आले. गव्हाण माझं गाव. आमच्याकडे माप सपाट देत नाहीत. वर शीग राहिली पाहिजे, नाहीतर घेणारा तोंडावर काही बोलत नाही, पण गावभर सांगतो. मुठीतून सोडलेलं मीठ काठाच्या वर आपोआप टोकदार चढत जातं. ही आईच्या हातची सवय मी त्या मनालीला देऊन टाकली. तिने शंकूही शिगेने भरला आणि वृत्तचितीही, म्हणून अडीच.

सर उठून बसले. "मग? ती शीग मोजली तिने?"

अडकलो. म्हणालो, "ती म्हणते, सर, शीग पण शंकूच हाय की!"

सर हसले ते खोकला येईपर्यंत. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मनाली सांगितली, आणि मला दर रविवारी तिला एकेक इयत्ता हुशार करावं लागलं. खोली छोटी होती, दाराकडे पाठ करून सरांच्या पत्नी, भाभी, बसायच्या. उठून जायचं तरी त्यांना ओलांडून.

सरांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींचा फोन आला. "म्हात्रेभाई, तो वर्ग मला एकदा बघायचाय. आणि ती मनाली."

मी या म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

शनिवारी कपाटातून सरांचा पत्र्याचा शंकू काढला, दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या. मुलांना भूमितीच्या तासाला हात चालवायची सवयच नव्हती. बहुतेक सगळी करंजाड्याच्या सोसायट्यांमधली, शीग न पाहिलेली. त्यांनी प्रत्येक शंकू पट्टीने नीट सपाट केला. भाभी शेवटच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं, "बेटा, तुमच्यातली मनाली कुठली?"

"मनाली? आमच्या वर्गात मनाली नाहीये."

"दुसऱ्या तुकडीत पण नाही," एक मुलगा मदत म्हणून म्हणाला.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बराच वेळ ओढणीच्या टोकाला लागलेलं मीठ झटकत राहिल्या.

"त्यांना खुश ठेवलंत, ते राहू दे," शेवटी म्हणाल्या. "पण मग वर्षभर या पोरांनी काय केलं?"

आत एक मुलगी विचारत होती, "सर, आमचे पावणेतीन आलेत, तीन लिहू का?" मी दारातूनच म्हणालो, "आलं तेच लिही." आवाज माझा होता, पण भाभींनी चटकन मान वर केली... आणि रिक्षासाठी जिना उतरू लागल्या.

पत्र्याचा शंकू अजून वर्गातल्या टेबलावर आहे. दमट हवेने आतलं मीठ कडेला चिकटलंय. सोमवारी प्रयोगाच्या तासाला चाचणी आहे, वेळापत्रकावर सही माझी आहे. तो शंकू कपाटात ठेवायला माझा हात होत नाही, आणि चाचणी रद्द करायचीय हे मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.